हेडबँडमधलं लक्ष आणि वहीतलं लक्ष

सांगलीहून एका आईचा प्रश्न आला आहे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. सहा महिन्यांपूर्वी एडीएचडीचं (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्षाची कमतरता आणि अतिचंचलपणा) निदान झालं. चंचलपणा आणि लक्ष न टिकणं, दोन्ही आहे. बालमानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुचवली, पण घरात एकमत नाही. सासरे म्हणतात, ‘याचा बापही असाच होता, मोठा झाला की येईल वळणावर.’ दरम्यान एका सेंटरनं लक्ष वाढवण्यासाठी घरी वापरायचा हेडबँड आणि टॅबवरचा खेळ दाखवला. रोज अर्धा तास, ४० सत्रं, ६५ हजार रुपये. डेमोच्या दिवशी मुलगा वीस मिनिटं जागचा हलला नाही, म्हणून पाच हजार ॲडव्हान्स देऊन त्या घरी आल्या. आता विचारतात: उरलेले साठ हजार भरावेत का, की मोबाइलवरचं एखादं स्वस्त ॲप पुरेल?

ताई, साठ हजार भरू नका. ॲपही नको, निदान ‘लक्ष वाढवण्यासाठी’ म्हणून तरी नको. तंत्रज्ञानाचा राग आहे म्हणून मी हे म्हणत नाही. बावीस वर्षं पुण्यात या मुलांबरोबर काम करते आहे आणि माझ्या कपाटात असे दोन हेडबँड आजही पडून आहेत, त्या वेळी चांगले पैसे मोजून घेतलेले. उलट टायमर, हातातली घड्याळं, फोनवरचं रेकॉर्डिंग यांच्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. मशीन घरात कशासाठी आणायचं, एवढाच आपला वाद आहे. मुलाच्या मेंदूला तालमीत पाठवल्यासारखं व्यायाम द्यायला आणायचं, की चष्म्यासारखं, ज्या घडीला अडतं त्या घडीला मदत करायला? तालमीचा दावा आजवर तपासणीत नीट टिकलेला नाही. चष्म्याचा उपयोग मी रोज पाहते, आणि तो फार स्वस्तात होतो.

डेमोपासून सुरुवात करते, कारण तुमचं मन तिथेच वळलं. तो वीस मिनिटं हलला नाही हे खरंच आहे. पण घरी क्रिकेटच्या गेमसमोर तो किती वेळ बसतो? तासभर सहज. म्हणजे हेडबँड डोक्यावर चढण्याआधीही त्याला हे जमतच होतं. एडीएचडीच्या नावातला ‘कमतरता’ हा शब्दच फसवा आहे. या मुलांकडे लक्ष कमी नसतं. ते हवं तिथे नेणं, कंटाळवाण्या जागी धरून ठेवणं आणि वेळ झाली की तिथून उठवणं जमत नाही. गेममध्ये दर दोन-तीन सेकंदांनी काहीतरी पदरात पडतं: नाणं, आवाज, पुढची लेव्हल. भागाकाराच्या गणितात पहिलं बक्षीस मिळणार उद्या, बाईंनी वही तपासल्यावर, तेही उत्तर बरोबर आलं तर. उशिरा मिळणाऱ्या गोष्टीची किंमत या मुलांच्या मनात फार झपाट्यानं उतरते. तेव्हा डेमोनं सिद्ध झालं ते एवढंच की खेळ बनवणाऱ्यांना खेळ बनवता येतो.

आता हेडबँडच्या आत काय चालतं ते पाहू. कपाळावर टेकणारे एक-दोन कोरडे सेन्सर मेंदूतल्या विद्युत लहरी टिपतात. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा हेलकावणाऱ्या मंद लहरींना थीटा म्हणतात, १३ ते ३० वेळा हेलकावणाऱ्यांना बीटा. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये थीटा जास्त आणि बीटा कमी दिसतं, असं एकेकाळी ठामपणे मानलं जायचं. त्यातून कल्पना निघाली की थीटा उतरलं, बीटा चढलं की पडद्यावरचं रॉकेट वर जाऊ द्यायचं. मूल नकळत मेंदूला हव्या त्या चालीवर आणायला शिकेल. हेच न्यूरोफीडबॅक. अमेरिकेत जोएल लुबार यांनी १९७०च्या दशकात चंचल मुलांवर याचे प्रयोग सुरू केले. म्हणजे कालपरवाचा शोध नाही, पन्नास वर्षांची जुनी कल्पना आहे. नवं आहे ते तिचं घरपोच पॅकिंग.

अडचण अशी की या लहरी मायक्रोव्होल्टमध्ये मोजाव्या लागतात, इतक्या क्षीण. त्यांच्यापुढे डोळ्याची एक उघडझाप, भुवई उंचावणं, दात आवळणं म्हणजे कुजबुज चालली असताना दारात ढोलपथक वाजावं तसं. शिवाय जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंचा गोंगाट नेमका बीटाच्या पट्ट्यातच मिसळतो. हॉस्पिटलमध्ये ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढताना तंत्रज्ञ डोक्यावर जेल लावून वीसेक ठिकाणी इलेक्ट्रोड बसवतो आणि उघडझापीचे तुकडे नंतर ओळखून बाजूला काढले जातात. तुमच्या डायनिंग टेबलावर, शेजारी मिक्सर चालू असताना, हे कोण करणार?

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. माझ्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा हेडबँडवर यायचा. तिसऱ्या दिवसापासून त्याचं रॉकेट खाली यायचं नावच घेईना. मी हरखले, आईला आलेख दाखवला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचव्या दिवशी मी त्याच्या शेजारी न बसता समोर बसले, तर पठ्ठ्या दात घट्ट आवळून बसलेला. विचारलं तर अगदी निरागसपणे म्हणाला, ‘मॅडम, असं केलं की वर जातं.’ मशीनची खोड त्यानं दोन दिवसांत हेरली होती, मला ती कळायला पाच दिवस लागले. निरीक्षणाला दहापैकी दहा गुण. पण मी त्याच्या आईला दाखवलेला आलेख लक्षाचा नव्हता, जबड्याचा होता. ते सांगायला तिला पुन्हा बोलावलं, तो दिवस मी विसरलेले नाही.

तुम्ही म्हणाल, घरच्या हेडबँडचं सोडा, दवाखान्यातल्या चांगल्या मशीनचं काय? त्याचंही उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सात ते दहा वर्षांची सुमारे १४० मुलं. काहींना खरं न्यूरोफीडबॅक, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं लुटुपुटूचं, ज्यात पडद्यावरचा खेळ त्या मुलाच्या लहरींवर चालतच नव्हता. कोणाला काय मिळतंय हे मुलांना, आईवडिलांना, शिक्षकांना, कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी दोन्ही गटांची मुलं सुधारली, वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकली, आणि दोन गटांत फरक काही निघाला नाही. मग २०२४च्या डिसेंबरमध्ये ३८ चाचण्या आणि जवळपास अडीच हजार माणसं एकत्र धरून केलेलं विश्लेषण आलं. मुलाला खरं मिळालं की खोटं हे माहीत नसलेल्यांनी भरलेल्या फॉर्मवर एडीएचडीच्या लक्षणांत म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही.

‘फॉर्म कोणी भरला’ ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण या सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. ज्या आईनं कर्ज काढून मशीन घेतलं, रोज संध्याकाळची मालिका सोडून मुलाजवळ बसली, तिला महिन्यानं विचारलं ‘फरक वाटतो का?’ तर ती काय म्हणेल? ती खोटं बोलत नसते, तिला फरक दिसतोच. वर्गातल्या बाईंना काही न सांगता विचारलं, तर त्या म्हणतात, ‘तसाच आहे हो.’ सेंटरच्या भिंतीवर लावलेले आलेख आईचे असतात, बाईंचे नसतात.

तरीही २०२१च्या चाचणीतली दोन्ही गटांतली मुलं सुधारली, हे मला फार बोलकं वाटतं. त्यांना आणखी काय मिळत होतं? आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी मोठ्या माणसाची शांत सोबत, थोडा वेळ एका जागी बसण्याचं कौतुक, आणि त्या चाचणीत दोन्हीकडच्या घरांना झोपेचा आणि खाण्यापिण्याचा सल्लाही दिला होता. शिवाय आईबाप डॉक्टर गाठतात तेच परिस्थिती अगदी हाताबाहेर गेल्यावर. तिथून पुढे काहीही केलं तरी थोडं बरं वाटतंच. यातल्या एकाही गोष्टीला हेडबँड लागत नाही.

दुसरी जात आहे ती टॅबवरच्या व्यायामाची. स्वीडनमध्ये टोर्केल क्लिंगबर्ग यांनी २००० नंतरच्या वर्षांत वर्किंग मेमरीचा, म्हणजे डोक्यात चारदोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवण्याच्या ताकदीचा, व्यायाम बनवला. पाच आठवडे, २५ सत्रं, घरच्या कॉम्प्युटरवर. मुलं त्या व्यायामात खरोखर तरबेज झाली. तशाच प्रकारच्या चाचण्यांतही गुण वाढले. पण वर्गातलं लक्ष, गृहपाठ, आततायीपणा? तिथे तो व्यायाम पोहोचला नाही. रोज कॅरम खेळणाऱ्याचं बोट स्ट्रायकरवर बसतं, त्यानं अक्षर सुधारत नाही, तसंच. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे की एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी जात नाही, आणि एडीएचडीत तर आणखीच जात नाही. मोठ्यांच्या मेंदूव्यायामाच्या एका प्रसिद्ध ॲपवर, लुमॉसिटीवर, अमेरिकेच्या व्यापार आयोगानं फसव्या जाहिरातींबद्दल कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीनं २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्या दाव्यांत एडीएचडीचंही नाव होतं.

अमेरिकेत राहणारे मराठी पालक मला एंडेव्हरआरएक्स या एडीएचडीसाठीच्या व्हिडिओ गेमबद्दल नेहमी विचारतात, कारण तिथे तो खेळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायला लागला. जून २०२० मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी त्याला परवानगी दिली. औषधासारखा लिहून देण्याचा हा पहिला व्हिडिओ गेम. ‘एफडीएनं मान्य केलंय’ हे वाक्य सेंटरवाल्यांच्या तोंडी तुम्ही ऐकलं असेलच, मग ते विकत असलेलं मशीन वेगळंच का असेना. पण मान्यता कशावर मिळाली ते वाचायला हवं. ३४८ मुलांच्या चाचणीत एका गटानं हा खेळ चार आठवडे खेळला, दिवसाला २५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्यानं शब्द बनवण्याचा साधा खेळ. कॉम्प्युटरवरच्या लक्षाच्या चाचणीत पहिला गट पुढे गेला. आईवडिलांनी आणि डॉक्टरांनी भरलेल्या लक्षणांच्या फॉर्मवर दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे पडद्यावर सराव केला, पडद्यावरची परीक्षा सुधारली. दुष्परिणाम जवळजवळ नव्हते, हे मान्य. थोडी चिडचिड, डोकेदुखी. हा खेळ बनवणारी कंपनी २०२२ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकली गेली. उत्पादन थोर असूनही कंपन्या बुडतात हे मला कळतं, पण रोज दारात रांग लागावी असा गुण त्या खेळात कोणाला दिसला नाही, एवढं तरी म्हणता येईल.

एक स्पष्ट करते, नाहीतर माझ्यावर उलटा आरोप होईल. हे सगळं भोंदूगिरीच्या पेटीत टाकायचं नाही. आपल्याकडे मध्यंतरी ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले होते, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं रंग ओळखायची, आणि नाकाशेजारच्या फटीतून ती बघतात हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी पट्टी नीट बांधून दाखवून दिलं. तो निव्वळ तमाशा होता. न्यूरोफीडबॅक आणि वर्किंग मेमरीचे व्यायाम ही शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे तपासलेली कल्पना आहे. तपासली आणि तिच्यातून अपेक्षित फळ मिळालं नाही. यात लाज कसली? लाज तेव्हा वाटावी, जेव्हा निकाल माहीत असूनही सांगलीतल्या आईला ६५ हजारांचं बिल लावलं जातं.

गोळीबद्दल. मी मानसशास्त्रज्ञ आहे, औषध लिहून देत नाही आणि त्यातून मला काही मिळत नाही. नऊ वर्षांच्या मुलासाठी मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या नेहमीच्या औषधाइतका ठळक, मोजता येणारा फायदा या हेडबँडवाल्यांपैकी कोणीही दाखवलेला नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ५७९ मुलांच्या अभ्यासात, १४ महिन्यांनंतर, काळजीपूर्वक मात्रा ठरवून दिलेल्या औषधाचा गट मुख्य लक्षणांत फक्त वर्तन-उपचार घेणाऱ्यांच्या पुढे होता. तिसऱ्या वर्षी गटांमधला हा फरक उरला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून औषध म्हणजे कायमचा इलाज नव्हे. चालू असेल तोवर मदत. भूक कमी होते, झोप उशिरा लागते, वजन-उंची-रक्तदाब बघत राहावं लागतं. घरच्यांना ‘गोळीचं व्यसन लागेल’ ही भीती असते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत सहसा तसं होत नाही, पण ही शंका मनात ठेवून बसू नका, त्यांनाच तोंडावर विचारा. आणि गोळी हो की नाही हे ठरेपर्यंत बाकी सगळं थांबवून ठेवायचं कारण नाही.

सासऱ्यांच्या वाक्याकडे मी मात्र दुर्लक्ष करणार नाही, त्यात फार उपयोगी माहिती आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात आहे. मुलाचे बाबाही असेच होते, आणि कदाचित आजही थोडे आहेत. याचा तंत्रज्ञानाशी संबंध असा की घरात जी व्यवस्था लावाल ती रोज कोण चालवणार? बाबांकडे रोजचं चार्ज करणं, ॲप उघडणं, गुण नोंदवणं सोपवलं तर तिसऱ्या दिवशी ते विसरतील, आणि मग दोष मुलाला जाईल. म्हणून मी घरी सुचवते ती साधनं मठ्ठ असतात. किल्ली फिरवली की चालणारी, पासवर्ड नसलेली.

पहिलं साधन म्हणजे दिसणारा वेळ. या मुलांना ‘दहा मिनिटं’ ही गोष्ट अंगात जाणवत नाही. त्यांच्यासाठी वेळेचे दोनच प्रकार, आत्ता आणि नंतर कधीतरी. बाजारात लाल चकतीचे टायमर मिळतात, वेळ सरेल तशी चकती आकसत जाते. न मिळाल्यास स्वयंपाकघरातला किल्लीचा टायमर चालेल, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मोजल्या तरी चालेल. फोनचा टायमर शक्यतो नको, कारण फोन हातात आला की पुढे काय होतं ते तुम्ही जाणता. टायमर लावायचा दहा मिनिटांचा, गृहपाठाच्या पाव भागासाठी, आणि लावण्याआधी त्याला विचारायचं, ‘एवढी गणितं किती मिनिटांत होतील?’ त्याचा अंदाज वहीच्या कोपऱ्यात लिहायचा, झाल्यावर खरी मिनिटं शेजारी. पहिल्या आठवड्यात तो ‘दोन मिनिटं’ म्हणेल आणि अठरा लागतील. हसू नका, रागावू नका, फक्त लिहा. महिन्याभरात अंदाज जवळ यायला लागतो. हा त्याचा त्याच्या वहीवर, त्याच्या टेबलावर झालेला सराव आहे, म्हणून तो दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरं, डोक्याबाहेरची आठवण. सकाळच्या शाळेची तयारी हा तुमच्या घरातला रोजचा रणसंग्राम असणार. त्यासाठी मी एक जुना फोन सिम काढून वापरायला लावते. त्यात मुलाच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं: ‘दात घासून झाले का? आता युनिफॉर्म. आता डबा दप्तरात.’ ठरलेल्या वेळी तो आवाज वाजतो. आईचा आवाज ऐकून मूल चिडतं, स्वतःचा आवाज ऐकून हसतं आणि काम करतं. हे का होतं हे मला आजतागायत नीट सांगता आलेलं नाही, पण होतं. धडा लांबलचक असेल तर तुमच्या किंवा आजोबांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात, त्यातलं एक-एक पान मोठं छापून समोर ठेवा, आणि आवाज ऐकत बोट फिरवत वाचू द्या. आजोबांनाही काम मिळेल, आणि ‘वळणावर येईल’ म्हणत वाट पाहण्यापेक्षा ते बरं. फळ्यावरचा गृहपाठ उतरवायचा राहतोच, तर बाईंना विनंती करा की शेवटच्या तासाला शेजारच्या मुलाच्या डायरीचा फोटो पाठवता येईल का. बहुतेक जणी हो म्हणतात, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात आरडाओरडा करण्यापेक्षा ते सोपं असतं.

तिसरं, बक्षीस जवळ आणणं. यासाठी ॲप आहेत, पण फ्रिजवर चिकटवलेला कागद आणि काचेच्या बरणीत टाकायचे शेंगदाण्याएवढे मणी त्यांच्यापेक्षा चांगले. मणी पडल्याचा आवाज येतो. काम झाल्यावर दहा सेकंदांच्या आत मणी पडला पाहिजे, रविवारच्या पिझ्झ्याचं वचन त्याच्यासाठी फार लांब आहे. आणि पडलेला मणी कधीही परत काढून घ्यायचा नाही. रागाच्या भरात हे सगळ्यात आधी होतं आणि त्या दिवशी सगळी व्यवस्था मरते.

या सगळ्यामागे असलेली, खरं तर सगळ्यात ताकदीची गोष्ट म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. सूचना कशी द्यायची, कुठे बघितलं न बघितलं करायचं, कौतुक कसं नेमकं करायचं, आठ-दहा बैठकांत हे शिकवता येतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं गोळीच्या आधी हाच उपचार सांगितला आहे. ‘घरबसल्या तंत्रज्ञान’ म्हणून काही विकत घ्यायचंच असेल तर व्हिडिओ कॉलवरच्या या बैठका घ्या. सांगलीहून पुण्याला दर आठवड्याला यायचा वेळ आणि भाडं वाचतं. शिवाय मी तुमची खरी खोली बघते, टेबल टीव्हीसमोर आहे की नाही ते मला दिसतं. कोणाकडे जावं हेच कळत नसेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं, निदान दिशा मिळते.

आणि दोन साध्या गोष्टी तपासून घ्या, कारण निदानाच्या गडबडीत त्या राहून गेल्याचं मी कित्येकदा पाहिलंय. तो रात्री किती झोपतो? या वयाला नऊ तास तरी हवेत. घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा. डोळे आणि कान तपासले आहेत का? रक्तात लोह किती आहे, हेही डॉक्टरांना विचारा.

समजा, घरात बहुमत मशीनच्या बाजूनं झालं आणि तुम्ही ते घेतलंच, तर निदान ते तुम्हाला फसवू शकणार नाही अशी सोय करा. मशीन सुरू करण्याआधी दोन आठवडे एकच गोष्ट मोजा. वीस मिनिटांच्या गृहपाठात ‘बस ना रे, लिही ना रे’ किती वेळा म्हणावं लागलं? प्रत्येक वेळी कागदावर एक रेघ. बाकी काही बदलू नका, त्याच महिन्यात शिकवणी बदलू नका, गोळीही सुरू करू नका, आणि हे दिवाळीच्या सुट्टीत तर नकोच. सुट्टीत सगळीच मुलं सुधारतात. मग चार आठवडे मशीन, रेघा चालू. मग दोन आठवडे मशीन बंद, रेघा चालूच. वर्गशिक्षिकांना मशीनबद्दल अवाक्षर न बोलता तीन वेळा एकच प्रश्न विचारा: या आठवड्यात किती दिवस वर्गपाठ पूर्ण केला? रेघा खरोखर निम्म्यावर आल्या, मशीन बंद झाल्यावर पुन्हा वाढल्या आणि बाईंनाही फरक दिसला, तर माझं म्हणणं बाजूला ठेवा आणि मला कळवा, मला ते बघायला आवडेल. सेंटरवाल्यांना आधीच विचारा की हे मोजून फरक दिसला नाही तर पैसे परत देणार का, लेखी. पडद्यावरचा स्कोअर वाढला म्हणजे काम झालं, असं ते म्हणाले तर तुम्हाला कळेल ते काय विकत आहेत.

पाच हजारांचं म्हणाल तर उद्याच फोन करा, पावती समोर ठेवून. पावतीवर ‘परत मिळणार नाही’ लिहिलेलं असलं तरी विचारा; अजून मशीन घरी आलेलं नाही, काही सेंटर वाद नको म्हणून अर्धे तरी देतात. नाहीच दिले तर ते गेले असं समजा. पाच वाचवायला साठ घालू नका. त्या साठातल्या दोन हजारांत टायमर, मणी, बरणी आणि जुन्या फोनची बॅटरी सगळं होतं, उरलेल्यातून बैठका घ्या. पहिल्या बैठकीला बाबांनाही बसवा, आणि त्या दोन आठवड्यांच्या रेघांचा कागद घेऊन या, मशीन घ्या वा न घ्या.